वर यायची जागा

माझा दादा आमच्याच शेततळ्यात बुडून गेला. बुडून गेला असं मी म्हणते. गाव म्हणतं, त्यानं जीव दिला. गावाकडं त्याला कारण आहे, आणि ते मला दादाच्या जलदान विधीच्या दिवशी, माणसं जेवायला बसलेली असताना, तोंडावर ऐकवलं गेलं. "एवढा पट्टीचा पवणारा गडी. त्यो कसा बुडंल?" बोलणाऱ्याच्या हातात घास होता. मी म्हटलं, "आधी घास गिळा, ठसका लागंल." पंगत गप्प झाली. पण गप्प झालेली माणसं काही मत बदलत नसतात.

घडलं ते एवढंच. मे महिन्यातली दुपार. शेतात लाईट नव्हती, त्यामुळे मोटर बंद. दादा तळ्याकडे गेला तो परत आला नाही. दिवस कलल्यावर वहिनी, म्हणजे त्याची बायको, बघायला गेली. काठावर कपडे घडी घालून ठेवलेले आणि शेजारी चपला. त्या दिवशी सकाळी दोघांचं भांडण झालेलं. मुलाला पुढच्या शिक्षणाला लातूरला ठेवायचं का बीडला माझ्याकडे, एवढ्यावरून. आवाज शेजारच्या शेतापर्यंत गेला होता. मग काय, लोकांना आयतंच सापडलं. भांडण झालं, कपडे घडी करून ठेवले, उडी मारली.

माझं म्हणणं वेगळं होतं. लाईट नाही तोवर मोटरीच्या पाइपाच्या तोंडाला अडकलेलं शेवाळ काढून घ्यावं, म्हणून दादा उतरला असणार. त्यावर लोक विचारायचे, मग वर कावून न्हाई आला? तळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकवर एक ओरखडासुद्धा नव्हता. माणसानं धडपड केली असती तर काहीतरी खूण दिसली असती का नाही? याचं उत्तर मला येत नव्हतं. गावाशी मी कचाकचा भांडायचे आणि बीडला घरी येऊन शिलाई मशीनवर बसले की माझ्याच मनात यायचं, खरंच, तो कसा बुडेल? ते मनात आलं की मला माझीच चीड यायची.

दादाला पोहता येत होतं म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. आमचं गाव तेलगावच्या अलीकडं. माझ्या आज्याच्या काळात गावच्या विहिरीला आमच्या लोकांनी हात लावायचा नाही. कुणाला दया आली तर तो वरून घागरीत ओतणार, आपण खाली धरून उभं राहायचं. पुढं अप्पांनी, माझ्या वडिलांनी, वाट्याला आलेल्या तुकड्यात स्वतःची विहीर खोदली. आई पोटुशी असताना मातीच्या टोपल्या उचलायची, असं ती आम्हाला दर भांडणात ऐकवायची. पाणी लागलं आणि अप्पांनी घरातली झाडून सगळी पोरं त्या विहिरीत उतरवली. मुलीसुद्धा. भावकीतल्या बायका म्हणाल्या, "पोरीला कशाला पवायला? तिला काय मासे धरायचेत?" अप्पा म्हणाले, "हिर आपली हाय. आपल्याच हिरीला भ्यायचं कावून?" आमच्या घरात नापास झालेलं चालायचं, पोहता न येणं चालायचं नाही.

मला शिकवलं दादानं. पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, झाकण घट्ट लावलेला. डबा तरंगतो, त्याच्यासंगं आपण तरंगतो. असेच बरेच दिवस हातपाय मारून झाले. एकदा मी या कडेची त्या कडेला गेले, वळून परत आले, आणि बघते तर दादा माझा डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसलेला. कधी सोडून घेतला मला कळलंच नव्हतं. नाकातोंडात पाणी असताना जेवढ्या देता येतील तेवढ्या शिव्या मी त्याला दिल्या. तो आपला हसतोय. "बुडलीस का? न्हाई ना? मग वरडू नको." नंतर तो गावातल्या अर्ध्या पोरांचा वस्ताद झाला. विहिरीचा तळ काढायचा, म्हणजे एका दमात खाली जाऊन मूठभर गाळ वर आणायचा, आणि तो गाळ माझ्या वेणीला पुसायचा.

अप्पांचा एक नियम होता. पाण्यात उतरताना कपडे घडी घालून काठावर ठेवायचे आणि चपला पाण्याकडं पाठ करून. "पाण्यातून आलेल्या माणसानं चपला हुडकीत बसायचं न्हाई. पाय टाकला की तोंड घराकडं." कुणी चपला भिरकावून उडी मारली तर त्याला वर बोलवायचे, चपला नीट ठेवायला लावायचे आणि मगच पुन्हा उडी. आम्हा भावंडांना ती सवय हाडापर्यंत गेलेली. त्यामुळे दादा गेल्यावर मी भेटेल त्याला एकच विचारत सुटले, चपलांची तोंडं कुणीकडं होती? पंचनाम्याला आलेल्या शिपायाला विचारलं. शेजारच्या शेतवाल्याला विचारलं. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. वहिनीला विचारलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला न्हाई ध्यानात, ताई. जाऊ द्या ना आता."

जाऊ द्या, हा वहिनीचा ठरलेला शब्द. गाव तिच्या नवऱ्याबद्दल तोंडाला येईल ते बोलतंय आणि ही जाऊ द्या म्हणतेय, याचा मला लई संताप यायचा. एकदा मी तिला सरळ विचारलं, "तुमाला तरी खरं वाटतं का, दादानं जीव दिला म्हणून?" ती म्हणाली, "आपल्या वाटण्यानं काय हुतंय?" त्यानंतर मी दोन सणांना गावाला गेलेच नाही.

बीडला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. मुलगी नववीत. दादा गेल्यापासून मी पाण्यात पाय घातला नव्हता, आणि तिला तर गच्चीवरच्या टाकीत वाकून बघू देत नव्हते. यंदा परीक्षा संपल्याच्या दिवशी ती शाळेतून आली ती तोंड पाडून. खोदून खोदून विचारल्यावर म्हणाली, "मम्मी, वर्गातली एक मुलगी तुझ्या गावाकडची आहे. ती म्हणाली, तुझ्या मामानं मुद्दाम उडी मारली. ज्याला पोहता येतं तो बुडत नसतो म्हणे." माझ्या हातात कात्री होती. गिऱ्हाइकाच्या पैठणी काठाच्या ब्लाउजची बाही मी उलटी कापली. बीडपर्यंत आलं की हे! मी म्हटलं, "तू पोहायला शीक. मग तुझं तूच सांग मला, पोहणारा बुडतो का न्हाई." हे शहाणपणानं सुचलेलं नव्हतं. रागात तोंडातून गेलं आणि पोरीनं धरून ठेवलं.

आता शिकवायचं कुठं? गावाकडची आमची विहीर उन्हाळ्यात कोरडी ठाक असते, पावसाळ्यात तिचंच पाणी उपसून शेततळं भरतात. राहिलं बीड. शहराच्या पोटातून बिंदुसरा जाते. पुलावर उभं राहून आम्ही दोघींनी खाली बघितलं. काळं पाणी, त्यात पिशव्या, कडेला डुकरं लोळतायत. मुलगी माझ्याकडं बघून म्हणाली, "इथं?" मी म्हटलं, "न्हाई, नुसतं दाखवायला आणलंय, जिल्ह्याच्या ठिकाणी नदी असते म्हणून." ती हसली. दादा गेल्यापासून आमच्या घरात पाण्यावरून कुणी हसलं नव्हतं.

मग मी चौकशी सुरू केली. ब्लाउज टाकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायचे, तुमची पोरं कुठं पोहतात? शहराबाहेर एक जुनी दगडी विहीर आहे, तिथं जातात असं कळलं. रविवारी सकाळी गेलो. पायऱ्या सुरेख, रुंद, थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या. आत पंधरा-वीस पोरं, नुसता दंगा. कठड्यावरून मुटका मारायचे आणि पाणी पार वरपर्यंत उडायचं. आम्हाला बघून सगळे चिडीचूप. एक मिसरूड फुटलेला म्हणाला, "काकू, इथं लेडीज येत न्हाईत." मी म्हटलं, "कावून बे? पाण्यानं सांगितलं का तुला?" तो बिचारा लाजून पाण्यात गेला. पण खरं सांगते, त्या पंधरा-वीस नजरांसमोर माझी पोर ओल्या कपड्यांनी वर आली असती तर तिला आयुष्यभर पाण्याची लाज वाटली असती. मी तिला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवून पाय तेवढे बुडवायला लावले. मी स्वतः पायऱ्यांचे दगड बघत बसले. किती घट्ट बसवलेत, बोटं कुठं अडकतात, हात कुठं पुरतो.

पुढच्या रविवारी नवऱ्याला गाडी काढायला लावून धरणावर गेलो. पाणी आभाळाएवढं. बोर्ड लावलेला, पोहण्यास सक्त मनाई. बोर्डाखालीच चार-पाच जण चड्ड्या वाळत घालून बसलेले. राखणदार आमच्याकडं आला, "बाई, पोरगी घिऊन आत जाऊ नका, खाली गाळ लई बेकार हाय." मी विचारलं, "आणि हे कोण?" तो म्हणाला, "त्यांना सांगून सांगून माझं थोबाड सुकलं." आम्ही शेंगदाणे खाऊन परत आलो. गाडीत नवरा म्हणाला, "एवढा वेळ त्या भरावाच्या दगडांकडं काय बघत होतीस?" मी म्हटलं, काही नाही.

शेवटी बायपासकडच्या स्विमिंग पुलात दुपारची लेडीज बॅच निघाली. फी ऐकून नवऱ्यानं आवंढा गिळला, पण गिळला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, पंजाबी ड्रेस चालणार नाही, नायलॉनचा पायघोळ पोशाख पाहिजे, डोक्याला टोपी पाहिजे. टोपी घातल्यावर मी सोललेल्या अंड्यासारखी दिसायला लागले, असं पोरीचं मत पडलं. पाण्याला औषधाचा वास आणि तळ निळा. बायका कडेचा पाइप धरून एका ओळीत उभ्या, गप्पा मारत. डॉक्टरणी, मास्तरणी, दुकानदारणी, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, त्यामुळे कोण कोण ते कळतच नव्हतं. मी चपला काढल्या आणि न बघता फिरवून ठेवल्या. पाण्याकडं पाठ. मुलीनं विचारलं, "हे काय?" तेव्हा मी तिला अप्पांचा नियम सांगितला. तिनंही आपल्या चपला फिरवल्या.

इतक्या दिवसांनी पाण्यात उतरताना मला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. अंगाला सगळं आठवत होतं. या टोकापासून त्या टोकाला सरळ गेले, मध्ये एकदा मान फिरवली तेवढीच. शिकवणारी पोरगी पुण्याहून कोर्स करून आलेली. तिनं विचारलं, "मॅडम, कोणती स्टाइल आहे ही?" मी म्हटलं, "हिरीची." बायका खो खो हसल्या. त्या दिवसापासून त्या बॅचमध्ये मला हिरीवाल्या ताई म्हणायला लागल्या.

मुलगी आठ-पंधरा दिवसांत तरंगायला लागली. पण एकदा घरी येताना रिक्षात म्हणाली, "मम्मी, तू मला शिकवतेस पण माझ्याकडं बघतच नाहीस. तू सारखी शिडी बघतेस." मी तिच्यावर खेकसले. पण खरंच होतं ते. दगडी विहिरीवर पायऱ्या, धरणावर भरावाचे दगड, इथं स्टीलची शिडी. जिथं जाईन तिथं मी पाणी बघतच नव्हते, पाण्यातून वर यायची जागा बघत होते.

पुढं एक दिवस शिडीचा नट निघाला म्हणून ती काढून ठेवलेली. बायकांना सांगितलं, आज उथळ बाजूनंच या-जा करा. मी आपली खोल टोकाला होते. म्हटलं, एवढं काय, हात टेकवून वर येते की. कडेला दोन्ही तळवे टेकवले, जोर केला, आणि अर्धी वर येऊन परत पाण्यात. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एका बाईनं काखेत हात घालून मला ओढून घेतलं आणि म्हणाली, "ताई, वजन घटवा." सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि हसता हसता थांबले. आम्हाला पोहायला शिकवलं, दम धरायला शिकवलं, तळ काढायला शिकवलं. पाण्यातून वर कसं यायचं, ते कुणी शिकवलंच नव्हतं. ते शिकवायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. आमच्या विहिरीला अप्पांनी दगडी पायऱ्या काढल्या होत्या, आणि पायऱ्या नव्हत्या त्या बाजूला कपारी. कुठंही हात टाका, धरायला काहीतरी आहेच. आणि शेततळ्याला? दादा गेल्यापासून मी त्या तळ्याजवळ गेलेच नव्हते. त्याआधी गेले ते पाणी भरल्यावर फोटो काढायला.

मेच्या मध्यात मी मुलीला घेऊन गावाला गेले. वहिनी एकटीच होती, तिचा मुलगा लातूरला. (शेवटी तिनं त्याला लातूरलाच ठेवला, दादा म्हणत होता तसं.) चहा झाल्यावर मी सांगितलं, "मला तळ्यात उतरायचंय." वहिनीच्या हातातली बशी खाली गेली. "कावून?" मी म्हटलं, "दादा वर का आला न्हाई, ते बघायचंय." ती उठून चुलीकडं तोंड करून उभी राहिली. "ताई, जाऊ द्या. मेलेल्या माणसाला कशाला उकरताय?" मी हट्टाला पेटले. म्हटलं, "दोर बांधून उतरते. खांबाला बांधते. तुमी आणि पोरगी धरा. तुमी आला न्हाईत तर एकटी जाईन." वहिनी म्हणाली, "आन् तुमाला काय झालं, तर मी पुन्हा त्याच काठावर बसायचं का?" पण आली. दोर तिनंच गोठ्यातून काढून आणला.

शेततळं म्हणजे जमिनीत खोदलेला मोठा चौकोनी खड्डा, चारी बाजू घराच्या छपरासारख्या उतरत्या, आणि पाणी मुरू नये म्हणून वरपासून तळापर्यंत काळं प्लास्टिक अंथरलेलं. लोक त्याला कागद म्हणतात. भोवती तारेची जाळी. मेचा महिना, पाणी बरंच खाली गेलेलं, त्यामुळं वर नुसता काळा कागद उन्हात चमकत होता. मी जाळीच्या लोखंडी खांबाला दोर बांधला, दुसरं टोक कमरेला. ओढणी घडी करून ठेवली. चपला काढल्या, फिरवल्या. वहिनीनं चपलांकडं बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली. मला वाटलं, ऊन लागतंय.

पहिलं पाऊल कागदावर टाकलं तेच शेवटचं. दुसरं टाकायची वेळच आली नाही. सर्रकन घसरत थेट पाण्यात. वरचं पाणी ऊन, खालचं गार. पोहायला काहीच त्रास नव्हता, पाणी ते पाणी. मी मध्यापर्यंत जाऊन आले. मुलगी वरून ओरडली, "मम्मी, झालं का?" मी म्हटलं, "ओढू नका. मी सांगेपर्यंत ओढायचं न्हाई." आणि काठाला आले.

हात टेकवला, हात घसरला. गुडघा टेकवला, गुडघा घसरला. कागदावर शेवाळाचा पातळ थर, साबण लावल्यासारखा. लांबून जोरात पोहत येऊन छातीनं वर चढायला बघितलं. कमरेपर्यंत वर आले, तिथंच क्षणभर चिकटले, आणि हळूहळू, अगदी हळूहळू, खाली सरकत परत पाण्यात. नखं रोवली. नखांना काही लागतच नाही. मग मला वाटलं कोपऱ्यात जमेल, दोन बाजूंना दोन हात लावता येतील. कोपऱ्यात गेले. तिथंही तेच. समोरच्या बाजूला गेले, दोर सैल सोडायला लावून. तिथंही तेच. आणि प्रत्येक वेळी घसरून आले की तोंडात पाणी जातंय, हात जड होतायत, धाप लागतेय. आधी मला राग आला होता, त्या कागदाला मी शिव्याही दिल्या. मग राग गेला आणि भीती आली. दोर आहे हे माहीत असून. दादालाही आधी रागच आला असणार. तोही आधी शिव्या देत असणार, मग कोपऱ्यात गेला असणार. मी ओरडले, "ओढा! ओढा मला!" माझा तो आवाज मलाच ओळखू आला नाही.

दोघींनी ओढून वर घेतलं. मी भरावाच्या मातीत पालथी पडून राहिले. श्वास जाग्यावर आल्यावर पहिलं काय केलं असेल, तर वळून कागद बघितला. जिथं मी एवढी नखं मारली, गुडघे घासले, तिथं एक ओरखडा नव्हता. नुसतं ओलं चकचकीत. मला रडू फुटलं. दुःखानं नाही. मला आनंद झाला होता, बोलायला लाज वाटते, पण आनंदच तो. "वहिनी, बघा! एक खूण न्हाई! दादानं जीव न्हाई दिला. त्याला वर यायचं व्हतं वहिनी, त्याला येताच आलं न्हाई!" वाटलं आता ही माझ्या गळ्यात पडेल, मोकळी होईल, आपण दोघी मिळून गावाच्या तोंडावर हे सांगू.

वहिनी दोर हातात धरून तशीच उभी. मी उठले आणि चपलांत पाय सारले. सरळ गेले, शोधावं लागलं नाही. तोंड घराकडं. वहिनी माझ्या पायांकडं बघत म्हणाली, "त्यांच्याबी अशाच व्हत्या."

"काय?"

"चपला. बाहीर तोंड करून. माणसं यायच्या आधी मीच उचलल्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मग सांगितलं कावून न्हाई? मी गावभर याड्यासारखी इचारत फिरले, आन् तुमी..."

"हाक आलती, ताई."

ती इतक्या हळू बोलली की मला आधी नीट कळलंच नाही. "दुपारी. दोनदा. मी गोठ्यात शेण भरत व्हते. सकाळचा राग व्हता ना. म्हनलं, तंबाखूची पिशवी इसरली असंल, ती मागत असतील. पाय हायेत की, येऊ द्या सोता. मग नंतर आली न्हाई हाक." तिनं पदरानं तोंड पुसलं. "गाव म्हणलं, जीव दिला. मी म्हनलं, असू दे, तसंच असू दे. जीव देणारं माणूस काय हाका मारीत न्हाई."

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मला ते सगळं परत पाण्यात ढकलून द्यावंसं वाटलं, दोर, कागद, माझी जीभ. आयुष्यात मी कुणाची मनधरणी केलेली नाही. पण मी वहिनीचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "न्हाई वहिनी. गोठा कुठं, तळं कुठं. मोटरीचा आवाज असतो शेतात, एवढ्या लांबून कुणाची हाक ऐकू येतीय का? दुसरं कुणी असंल. तुमाला भास झाला असंल."

"त्या दिशी लाईट नव्हती, ताई," वहिनी म्हणाली, आणि खाली वाकून माझ्या कमरेची गाठ सोडायला लागली.